गावच्या घराची पडवी बसली आहे: खांब उचलावेत, बदलावेत की सगळंच पाडावं?

पागोळी | ११ एप्रिल, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमचं घर आहे. आजोबांनी १९५८ साली बांधलेलं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं आणि पुढे चोवीस फूट लांब, सात फूट रुंद पडवी. पडवीचं पाखं चार लाकडी खांबांवर आहे. त्यातला तिसरा आणि चौथा (विहिरीच्या बाजूचा, कोपऱ्यातला) खाली बसलेत. अंगणात उभं राहून बघितलं की वळचणीची ओळ उजवीकडे उतरत गेलेली दिसते. गेल्या महिन्यात शिमग्याला गेलो तेव्हा त्या कोपऱ्यातली कौलं सरकून मध्ये हात जाईल एवढी फट पडली होती. सध्या कुणीतरी बांबूचा टेकू लावून ठेवलाय. कुणी ते कुणीच सांगत नाही.

२०११ मध्ये बाबांनी जुना कोबा न काढता त्यावरच लादी बसवली. त्याआधी पडवी सरळ होती असं आई म्हणते. बाबा होते तेव्हा कुणी मोजलं नाही.

एका कंत्राटदाराला दाखवलं. त्याने दोन मिनिटं वर बघितलं आणि म्हणाला, पाडा, आरसीसीचे कॉलम घाला, वर पत्रा टाका, साडेतीन लाख. दादा तयार आहे. मी नाही. पण 'मला जुनं आवडतं' हे दादासमोर टिकत नाही, म्हणून इथे विचारतेय. मृगाआधी काही करता येईल का? घर वर्षातले दहा महिने बंद असतं हेही लक्षात घ्या.

खळ्यातलो बाबू | ११ एप्रिल, रात्री ११.०५

गे बाय, खांबाचो पाय आधी उकरून बघ. मगे बाकीचा बोलुया.

चिंगीची आई | ११ एप्रिल, रात्री ११.२०

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). आमचीही पडवी त्याच वाटेवर आहे.

सिमेंटशेठ | १२ एप्रिल, सकाळी ७.५०

ताई, दादांचं ऐका. आमचं देवरुखजवळचं घर. २००३ मध्ये लाकडी खांब काढून आरसीसी केलं, तेव्हापासून एक रुपया खर्च नाही. लाकडाला दरवर्षी तेलपाणी कोण करणार? तुम्ही ठाण्यात, दादा पुण्यात, घरात वाळवी. बंद घराला लाकूड परवडत नाही, हे कटू आहे पण खरं आहे. पत्र्याचं मात्र मी सांगणार नाही. पावसात त्याच्याखाली बसून एकमेकांशी बोलता येत नाही.

देशावरचा | १२ एप्रिल, सकाळी ९.१५

आमच्याकडे (कोल्हापूर) याला सोपा म्हणतात. पडवी म्हणजे आमच्या लेखी गुरं बांधायची जागा. हलके घ्या.

मांडवीकाठ | १२ एप्रिल, सकाळी ९.४०

आणि आमच्या गोव्यात बलकांव. दोन्ही बाजूंना बसायला सोपे, म्हणजे दगडी बाकं. संध्याकाळी तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर मत द्यायचं. छप्पर हे निमित्त.

देशावरचा | १२ एप्रिल, सकाळी ९.५२

म्हणजे तुमचा सोपा बूड टेकायला आणि आमचा सोपा घरात शिरायला. मराठी भाषा थोर आहे.

चिंगीची आई | १२ एप्रिल, सकाळी १०.००

सिंधुदुर्गात लोटा म्हणतात. आता हा धागा शब्दांच्या यादीकडे वळायच्या आत कुणीतरी खांबावर बोला.

निवृत्त ओव्हरसियर | १२ एप्रिल, दुपारी १.३०

धागाकर्तीने दिलेल्या माहितीवर कुणीच काही सांगू शकत नाही. कंत्राटदारही नाही, म्हणून त्याने पाडायला सांगितलं.

तुळई (खांबांवरचं आडवं लाकूड) खाली आली याची कारणं दोनच. एक, खांब आखूड झाला, म्हणजे तळाला कुजला किंवा वाळवीने खाल्ला. दोन, खांब धड आहे पण त्याखालचं जोतं (चौथरा) खचलं. पहिल्याचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. खचलेल्या जोत्यावर नवा खांब उभा केलात तर तो नवा खांब घेऊन जोतं आणखी खचेल.

तपासायला इंजिनियर लागत नाही. तीस फूट पारदर्शक नळी आणा, गवंडी वापरतात तीच. पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. पहिला खांब प्रमाण धरा. प्रत्येक खांबापाशी दोन मापं घ्या: तुळईचा तळ पातळीपासून किती खाली आणि लादी किती खाली. आकडे इथे टाका. फोटो नकोत, फोटोत सगळंच वाकडं दिसतं.

शिवाय एक जाड स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रत्येक खांबाच्या तळाशी, लादीला लागून, दाबून बघा.

खळ्यातलो बाबू | १२ एप्रिल, दुपारी १.४५

मी एका ओळीत सांगितलं ते साहेबांनी चार परिच्छेदांत सांगितलं. :)

निवृत्त ओव्हरसियर | १२ एप्रिल, दुपारी २.१०

तुम्ही पाय बघायला सांगितलात. जोतं राहिलं.

धडपड्या | १२ एप्रिल, रात्री ९.३०

माझा अनुभव देतो, म्हणजे काय करू नये ते कळेल. चार वर्षांपूर्वी आमच्या मागच्या पडवीचा एक खांब तीन इंच बसला होता. मी व्हिडिओ बघून शहाणा झालेलो. गाडीतला जॅक काढला, खाली दोन चिरे, वर तुळई. एका दुपारीत तीन इंच उचललं. तुळई खरंच सरळ झाली. मी लांब उभा राहून फोटो काढत असताना वरून 'कर्रर्र' असा आवाज आला. वाशांची वरची टोकं घराच्या भिंतीत बसवलेली असतात हे मी विसरलो होतो. पुढचं टोक वर गेल्यावर मागच्याने भिंतीचा गिलावा उकलला आणि चाळीसएक कौलं घसरत खाली आली. शेजारच्या काकूंनी अंगणात फणसपोळी वाळत घातली होती, तिच्यावर. माणूस कुणी नव्हतं, नशीब. काकू अजून 'काय रे, पडवी कशी आहे' असं विचारतात. माझी तब्येत विचारत नाहीत.

पागोळी | १२ एप्रिल, रात्री ९.४८

धडपड्या, हसू आवरत नाहीये, पण घाबरलेही आहे. शनिवारी जातेय. नळी विकत घेतली.

जर्सीकर | १३ एप्रिल, पहाटे ५.१०

न्यू जर्सीतून. आमच्या घराचा पुढचा पोर्चही झुकला होता, पण कारण वेगळं. इथे थंडीत जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि उथळ पाया वर ढकलतं. वसंतात विरघळलं की तो पुन्हा बसतो, पण जागेवर बसत नाही. म्हणून इथे खांबाचा पाया साधारण तीन फूट खोल न्यावा लागतो. आमच्या आधीच्या मालकाने दीड फुटावर आटोपलं होतं.

लिहायचं कारण वेगळंच. इथे लाकडी खांब थेट काँक्रीटवर टेकवत नाहीत. मध्ये लोखंडी बूट असतो, त्यामुळे लाकूड काँक्रीटच्या इंचभर वर राहतं, पाण्याला चढता येत नाही. तो बूट लावणाऱ्याने मला दहा मिनिटं त्याचं महत्त्व समजावलं आणि मला एकदम आजोळच्या पडवीतलं उथळं, म्हणजे खांबाखालचा दगड, आठवला. लहानपणी आम्ही त्या गोल दगडावर उभं राहून खांबाला गोल फिरायचो. तो दगड शोभेचा नव्हता हे कळायला मला चाळिशी आणि अटलांटिक दोन्ही ओलांडावं लागलं.

सुतारपक्षी | १३ एप्रिल, सकाळी ८.२०

जर्सीकरांनी नेमकं सांगितलं. माझे वडील आणि काका दोघंही सुतार, मी स्वतः बँकेत. त्यांच्याबरोबर हिंडून जे पाहिलं ते सांगतो.

जुन्या घरात खांब उथळ्यावर नुसता उभा असतो. दगड जमिनीच्या वर चार-सहा इंच. झड आत आली, खांब भिजला, तरी पाणी ओघळून दगडावरून खाली जातं आणि दोन उन्हांत पाय सुकतो. वाळवी वर चढली तर दगडावर तिची मातीची रेघ दिसते, केरसुणी मारली की संपलं. आजी रोज सकाळी केर काढताना हे बघायची, तिला त्यासाठी कुणी पगार देत नव्हतं.

मग लादी येते. तीन इंच माल, वर लादी. सगळं चकाचक. उथळं गाडलं जातं आणि खांबाचा पाय सिमेंटच्या खड्ड्यात उभा राहतो. आता भिजलेलं पाणी जाणार कुठे? वाळवी लादीखालून येते, रेघ दिसत नाही. वरून खांब ठणठणीत, आतून भुसा. आमच्याकडे गेल्या पंधरा वर्षांत जेवढे खांब बदलले त्यातले बहुतेक लादी घातल्यानंतर आठ-दहा वर्षांनी आले.

पागोळीताई, तुमची लादी २०११ ची ना?

पागोळी | १३ एप्रिल, सकाळी ८.३५

हो. :(

चिंगीची आई | १३ एप्रिल, सकाळी ९.००

मी आत्ता आईला फोन करून विचारलं, आपल्या खांबाखाली दगड दिसतो का. ती म्हणाली, 'दिसायचा. तुझ्या लग्नाच्या वेळी लादी घातली ना!' म्हणजे दोष माझ्यावर.

सिमेंटशेठ | १३ एप्रिल, सकाळी ११.३०

सगळं मान्य. पण मग आरसीसीच का नको हे कुणी सांगत नाही. काँक्रीटला ना उथळं लागतं ना आजी.

निवृत्त ओव्हरसियर | १३ एप्रिल, दुपारी १२.४५

घालायला हरकत नाही, पण मग पायापासून घाला. नऊ इंच बाय नऊ इंचाचा, आठ फूट उंचीचा काँक्रीटचा खांब सुमारे सव्वातीनशे किलोचा होतो. त्याच उंचीचा सहा इंची ऐनाचा खांब पन्नासच्या आसपास. वरचं ओझं तेच. म्हणजे कंत्राटदार त्याच जोत्यावर प्रत्येक खांबामागे पावणेतीनशे किलो वाढवतो. खाली खणून वेगळा पाया घेतला तर ठीक. तुमच्याकडच्या साडेतीन लाखांत खणणं आहे का, ते विचारा. बहुधा लादी फोडून वरच सळया उभ्या करतील.

आता वरचं ओझं. मंगलोरी कौल चौरस मीटरला साधारण पंधरा बसतात. एक अडीच किलोचं धरा. उतार आणि वळचण धरून तुमच्या पाख्याचं क्षेत्र एकोणीस-वीस चौरस मीटर होईल. म्हणजे तीनशेच्या आत-बाहेर कौलं, सुमारे सातशे किलो. पावसात भिजल्यावर आणखी जास्त. वासे-रिपा वेगळ्या. यातलं निम्मं किंवा थोडं जास्त पुढच्या तुळईवर येतं, बाकी भिंतीवर. हे ओझं काही फार नाही. धडपड्यांचा गाडीचा जॅकही पुरला ना? अडचण वजनाची नसते, घाईची असते.

दापोलीकर | १३ एप्रिल, संध्याकाळी ६.१५

पत्र्याबद्दल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतल्या पत्र्याच्या तीन पडव्या उडाल्या. एक अख्खी, अँगलसकट. कौलारूंची कौलं गेली, वाटोळं झालं, पण बऱ्याच ठिकाणी लाकडी सांगाडा जागेवर राहिला. पडवीला तीन बाजूंनी भिंत नसते, त्यामुळे वारा खालून शिरतो आणि छपराला वर उचलतो. पत्र्याला स्वतःचं वजन नाही, तो जातो.

पण उथळ्याचं कौतुक करणाऱ्यांनाही सांगतो. खांब दगडावर नुसता ठेवलेला असेल तर वादळात तोही उचलला जातो. आमच्या शेजाऱ्यांचा खांब उथळ्यावरून चार बोटं सरकला होता. आता आम्ही दगडात सळईचा खुंटा बसवून तो खांबाच्या पोटात घेतला आहे आणि वर खांब-तुळईला लोखंडी पट्टी मारली आहे. जुन्यांना सगळं कळत होतं असं नाही.

पागोळी | १९ एप्रिल, रात्री ८.३०

गावाहून लिहितेय, म्हणून एकाच दमात.

पहिला खांब शून्य धरला. दुसरा: तुळई पाव इंच खाली, लादी बरोबर. तिसरा: तुळई दीड इंच खाली, लादी बरोबर. चौथा: तुळई अडीच इंच खाली, लादी सव्वादोन इंच खाली. चौथ्याजवळच्या लादीला तडा आहे आणि ठोकल्यावर पोकळ आवाज येतो.

स्क्रू-ड्रायव्हर: पहिल्यात टोकसुद्धा जाईना. दुसऱ्यात अर्धा इंच. तिसऱ्यात मुठीपर्यंत. मी घाबरून बाहेर काढला तर त्याला पांढऱ्या वाळव्या चिकटलेल्या. चौथा मात्र ठणठणीत! एवढा बसलाय आणि लाकूड दगडासारखं.

तिसऱ्याभोवतीची एक लादी फोडली. खाली उथळं आहे, काळा दगड, अगदी सुरेख घडवलेला. आई बघून म्हणाली, 'अगो, हा आहे होय अजून.'

निवृत्त ओव्हरसियर | १९ एप्रिल, रात्री ९.००

शाब्बास. म्हणजे दोन वेगळी दुखणी आहेत. तिसऱ्याचा पाय गेला. चौथ्याचं जोतं गेलं. आणि हे सव्वादोन इंच २०११ नंतरचे आहेत, कारण लादी तेव्हा सरळ घातलेली. चौदा-पंधरा वर्षांत एकच कोपरा एवढा का खचला? त्या कोपऱ्यावर पाणी कुठून पडतं ते शोधा. विहीर बाजूला सोडा, छपराकडे बघा.

पागोळी | २० एप्रिल, सकाळी १०.१५

सापडलं. २०१४ मध्ये बाजूला न्हाणीघरावर पत्रा टाकला. त्याचं सगळं पाणी एका पाइपातून बरोबर त्या कोपऱ्याच्या पायथ्याशी सोडलंय. चिऱ्यांच्या सांध्यांतली माती धुऊन गेलीय. खालच्या थरात माझा हात कोपरापर्यंत आत गेला. बेडूक होता.

खळ्यातलो बाबू | २० एप्रिल, सकाळी १०.२०

बेडकाकडून भाडा घे.

देशावरचा | २० एप्रिल, सकाळी ११.००

अवांतर: राजापुरात आहात तर तिथली ती अधूनमधून प्रकटणारी गंगा आलीय का सांगा.

पागोळी | २० एप्रिल, सकाळी ११.१०

आमच्याकडे सध्या फक्त न्हाणीघराची आली आहे.

सुतारपक्षी | २० एप्रिल, दुपारी ३.००

तिसऱ्याचं सांगतो. कुजलेला भाग किती उंच आहे ते बघा. हातोडीने वरवर ठोकत जा, आवाज 'भद' वरून 'टण' झाला की तिथे खूण. त्याच्या दोन इंच वर कापायचं.

भाग फुटाच्या वर असेल तर लाकडाला लाकूड जोडतात. दोन्ही टोकं लांब तिरपी किंवा अर्धी-अर्धी कापून एकमेकांवर बसवायची, आंब्याला कलम बांधतात तसं. जोड खांबाच्या जाडीच्या निदान तिप्पट लांब हवा, आरपार बोल्ट. पण भाग फुटाच्या आत असेल तर लाकूड लावूच नका. तेवढा दगड उंच करा! जुनं उथळं आहेच, त्यावर घडीव काळ्या दगडाचा दुसरा तुकडा. पाय लादीच्या वर येतो, दिसतो, सुकतो. बाबा याला 'खांबाला पाटावर बसवणं' म्हणायचे. चिरा घेऊ नका, चिरा पाणी ओढतो. दगड आणि लाकडामध्ये डांबरी कागदाचा तुकडा.

वरच्या टोकाला खांबाचा कुसू तुळईच्या भोकात असेल. तो तोडू नका. तुळई थोडी उचलली की खांब तिरपा करून काढता येतो.

ऐन किंवा किंजळ मिळवायला जाल तर लक्षात ठेवा: स्वतःच्या आवारातलं झाड असलं तरी तोडायला वनखात्याची परवानगी लागते. १९६४ च्या कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, फणस, आंबासुद्धा आहे. पाडलेल्या घराचं जुनं लाकूड बघा. ते सुकायचं तेवढं सुकलेलं असतं.

चिंगीची आई | २० एप्रिल, दुपारी ३.२०

वाळवीचं काय करायचं? माझ्या मावसभावाने डिझेल ओतलं होतं. वाळवी गेली, पण दोन वर्षं पडवीत पेट्रोल पंपावर बसल्यासारखं वाटायचं.

निवृत्त ओव्हरसियर | २० एप्रिल, दुपारी ४.००

क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी, एक लिटर औषधाला १९ लिटर पाणी, असं जमिनीत देतात. पण धागाकर्तीची विहीर त्याच बाजूला आहे. पिण्याच्या विहिरीजवळ हे जमिनीत ओतू नका. उथळ्याच्या वर पाय काढल्यावर निम्मा प्रश्न तसाही मिटतो.

मांडवीकाठ | २० एप्रिल, दुपारी ४.३०

आमच्याकडे लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावतात. वाळवी फिरकत नाही. पण हातमोजे घाला आणि त्याआधी हाताला खोबरेल चोपडा. ते तेल कातडी अक्षरशः जाळतं. मी बारावीच्या सुट्टीत मोजे न घालता लावलं, निकाल लागेपर्यंत सालं निघत होती.

सिमेंटशेठ | २० एप्रिल, रात्री ८.००

माझं मत तेच आहे, बंद घराला काँक्रीट. पण तुमचं ठरलेलंच दिसतंय तर माझ्याकडे दोन स्क्रू जॅक पडून आहेत. देवरुखहून न्या. हायड्रॉलिक वापरू नका, ते रात्रभरात हळूच खाली बसतात.

पागोळी | २० एप्रिल, रात्री ८.०५

सिमेंटशेठ, तुमच्यासाठी आंब्याची पेटी. दादाला हा धागा पाठवलाय. त्याचं उत्तर: 'ठीक आहे, पण पडली तर तू जबाबदार.'

निवृत्त ओव्हरसियर | २१ एप्रिल, सकाळी ७.३०

क्रम नीट वाचा.

आधी न्हाणीघराचा पाइप लांब न्या. आजच. बाकीचं नंतर.

मग चौथ्याचं जोतं. पण त्याला हात लावायच्या आधी तुळईला टेकू पाहिजेत. उजवीकडच्या दोन खणांतली कौलं उतरवा, वरच्या ओळीपासून खाली, कारण वरचं कौल खालच्यावर बसलेलं असतं. उतरवलेली कौलं उभी रचा, आडवी थप्पी लावली की खालची फुटतात. तुळईखाली, खांबापासून हातभर अंतरावर, दोन्ही बाजूंना जाड टेकू. टेकूखाली दोन फुटांची जाड फळी, पोकळ लादीवर नाही. जॅकच्या डोक्यावरही लाकडाचा ठोकळा, नाहीतर तो तुळईत रुततो.

दोन सुतं सकाळी, दोन सुतं संध्याकाळी, म्हणजे दिवसाला अर्धा इंच. प्रत्येक वेळी टेकूला पाचर मारून घट्ट करा, रात्री ओझं टेकूवर असू दे, जॅकवर नाही. उचलताना एक माणूस फक्त भिंतीकडे बघायला. वाशांची भिंतीतली टोकं हलली, गिलाव्याला केसभर रेघ आली, की थांबा. जॅकखाली कुणी डोकं घालायचं नाही.

आणि पूर्ण सरळ करायचा हट्ट धरू नका. इतक्या वर्षांत वासे त्या बाकाला सरावलेत.

धडपड्या | २१ एप्रिल, सकाळी ७.४५

हे चार वर्षांपूर्वी का नाही लिहिलंत?

निवृत्त ओव्हरसियर | २१ एप्रिल, सकाळी ७.५०

तेव्हा मी निवृत्त नव्हतो. आणि तुम्ही विचारलं नव्हतं.

किल्लारीचा | २४ एप्रिल, रात्री १०.००

लातूरकडचा आहे. आमच्याकडे पडवी नसते, ओसरी आणि वर मातीचं माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या गल्लीत दगडमातीच्या जाड भिंती बाहेर कोसळल्या आणि दोन घरांत खांब-तुळयांचा खण जागेवर उभा होता, वरच्या माळवदासकट. त्यातल्या एकाखाली माझी आत्या होती. ती वाचली. म्हणून खांब म्हटलं की मला वेगळंच वाटतं. विषयांतराबद्दल क्षमस्व.

पागोळी | २४ एप्रिल, रात्री १०.२०

तुमचं विषयांतर नाही. लिहिलंत म्हणून आभार.

पागोळी | ३० मे, रात्री ९.१५

झालं! उशिरा लिहितेय कारण मध्ये सुतारकाकांच्या घरी लग्न, मग आंबे.

तिसऱ्याचा कुजका भाग अकरा इंच निघाला, म्हणजे सुतारपक्षींचा दगड. काळ्या दगडाचा तेरा इंची तुकडा घडवून आणला. पाथरवट जेमतेम एक मिळाला, वय सत्तरच्या पुढे. त्याने विचारलं, 'उथळं? कोणाला पाहिजे?' आणि पैसे सांगायच्या आधी चहा सांगितला. मध्ये सळईचा खुंटा, वर तुळईला पट्टी (दापोलीकर, आभार). सगळ्या खांबांभोवतीची लादी चार-चार बोटं कापून घेतली, उथळी मोकळी केली. दुसरा खांब तळाला दीड इंच तासला, खाली पातळ दगड सरकवला.

चौथ्याचा खांब तोच. कोपऱ्याचे चिऱ्यांचे तीन थर उतरवून खाली घट्ट जमीन लागेपर्यंत खणलं, अडीच फुटांवर लागली. दगड-चुना-सिमेंट भरून थर परत रचले. बेडूक स्वतःहून गेला.

उचलायला पाच दिवस ठरवले होते, सात लागले. चौथ्या दिवशी भिंतीवर रेघ आली, आम्ही दोन दिवस थांबलो. शेवटी अर्धा इंच तसाच सोडला. दादा सुट्टी काढून आला आणि सगळे दिवस 'भिंतीकडे बघणारा माणूस' तोच होता. रेघही त्यालाच आधी दिसली. आता तो सगळ्यांना सांगतो, पडवी त्याने वाचवली.

खर्च एक लाख बारा हजार, त्यातली मोठी रक्कम कोपऱ्याच्या खणकामाची. एक चूक: सतरा कौलं फुटली आणि नवी आणली ती दुसऱ्या कारखान्याची, साच्याच्या खाचा जुळेनात. शेवटी पलीकडच्या वाडीत पडक्या घराची जुनी कौलं मिळाली, मागे तोच छाप. तोवर वानरांनी आणखी चार फोडली.

खळ्यातलो बाबू | ३० मे, रात्री ९.२०

वानरांका उथळा लावून बघ.

सिमेंटशेठ | ३० मे, रात्री ९.४०

अभिनंदन. पेटी मिळाली, पायरी होता, उत्तम. जॅक दादांकडेच राहू द्या, तुम्हा लोकांना लागतील पुन्हा. :)

चिंगीची आई | ३१ मे, सकाळी ८.००

पन्हळ लावली का? नाहीतर पागोळ्या पुन्हा जोत्याच्या कडेलाच.

पागोळी | ३१ मे, सकाळी ८.३०

न्हाणीघराला लावली. पडवीला नाही. पागोळ्या पडतात तिथे चिऱ्यांची ओळ टाकून पाणी अंगणाबाहेर काढलंय. पन्हळ लावली असती तर माझं नाव बदलावं लागलं असतं.

धडपड्या | १२ जून, दुपारी ४.१०

मग? पहिला पाऊस?

पागोळी | १२ जून, रात्री ११.००

काल दुपारपासून रात्रीपर्यंत ओतला. आई गावी आहे, तिने व्हिडिओ कॉलवर पडवी दाखवली. कोपरा कोरडा. मग फोन खाली नेऊन मला पाच मिनिटं उथळंच दाखवत होती. म्हणाली, केर काढताना आता तिथे थांबावं लागतं.

निवृत्त ओव्हरसियर | १३ जून, सकाळी ७.००

ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर नळी पुन्हा लावा. चौथ्याचा भराव एका पावसाळ्यात थोडा बसतोच. पाव इंचाच्या आत असेल तर बघत राहा, जास्त असेल तर इथे लिहा.

पागोळी | १३ जून, सकाळी ७.२५

हो. भिंतीवर पेन्सिलने चारही खांबांची पातळी मारून ठेवली आहे, तारखेसकट. दादाने शेजारी स्वतःचं नावही लिहिलंय.